थकबाकीचे कांजी: बाळंतपणाच्या रजेतल्या भाषाशिक्षणाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वृंदा (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पुण्यात माझ्या रविवारच्या जपानी वर्गात यायची. वय 31, आयटी कंपनीत नोकरी, जपानी ग्राहकाच्या प्रकल्पावर टेस्टिंगचं काम. जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या प्रमाणित परीक्षेची, एन-फोर ही पातळी ती आदल्या डिसेंबरात पास झाली होती. एन-थ्री झाली की कंपनीकडून भाषाभत्ता सुरू होतो आणि ग्राहकाशी होणाऱ्या बैठकांत नुसतं ऐकत बसावं लागत नाही, म्हणून पुढची पायरी तिला लवकर चढायची होती.

कॉलेजात असताना तिने जर्मनची ए-टू ही पातळी केली होती. नवऱ्याच्या कंपनीचं श्टुटगार्टला ऑफिस आहे आणि 'आपण जाऊ बहुतेक' हे वाक्य त्या घरात दोन वर्षं फिरत होतं, त्यामुळे जर्मन बी-वनही यादीत होती. तिसरी भाषा कानडी. नवरा धारवाडचा, सासूबाई घरात कानडीच बोलतात. पण सूनबाई समोर आली की सगळे मराठीवर येतात. बाळाला आजीची भाषा यावी आणि आपण मात्र बाहेर राहू नये, असं वृंदाला वाटत होतं. तीनही कारणं खरी होती. हौस म्हणून एकही भाषा तिने धरली नव्हती, आणि म्हणूनच पुढे एकही सोडवेना.

ऑगस्टमध्ये, आठवा महिना संपताना, ती वही घेऊन आली. 26 आठवड्यांची रजा, त्यातले चार प्रसूतीच्या आधीच वापरायचे. सप्टेंबरात बाळ, फेब्रुवारीच्या मध्याला कामावर हजर. "सेन्सेई (जपानीत शिक्षकांना असं म्हणतात), सहा महिने घरी आहे. एवढा वेळ पुन्हा कधी मिळणार?" वहीत महिन्याची ध्येयं होती: जपानीचे 100 कांजी (चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरं) आणि 250 शब्द, जर्मन पुस्तकाचे दोन धडे, कानडीत आधी लिपी आणि मग दर महिन्याला 100 शब्द. हिशेब चोख होता. एन-फोर ते एन-थ्री म्हणजे साधारण साडेतीनशे नवे कांजी. 2010पासून अधिकृत यादी निघत नाही, पण वर्गांमध्ये हाच अंदाज धरतात. म्हणजे साडेतीन महिन्यांत कांजी आटोपले आणि उरलेल्या वेळात वाचन.

मी मान डोलावली. मला स्वतःला दोन मुलं आहेत, तरी डोलावली. ती वही इतकी नीट आखलेली होती की 'अगं, असं होत नाही' म्हणायला जीभ रेटली नाही.

अडचण नेमकी कुठे होती

सप्टेंबर कोराच गेला आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ऑक्टोबरात 100पैकी 17 कांजी झाले. राहिलेले 83 तिने नोव्हेंबरच्या शंभरात मिळवले, ध्येय झालं 183. झाले 31. डिसेंबरच्या पानावर आकडा लागला 252.

हे पान म्हणजे खरोखरचं पान. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरच ती नोंदी करायची. ज्या चौकोनात दुधाच्या पिशव्या आणि गॅस सिलिंडरची तारीख, त्याच चौकोनात 'कां 3', 'ज धडा अर्धा'. जानेवारीत ती तिन्ही महिन्यांची पानं घडी घालून माझ्याकडे घेऊन आली. ऑक्टोबरची अक्षरं टपोरी, निळ्या पेनची. डिसेंबरच्या पानावर 18 तारखेनंतर दूध आणि लसीची तारीख एवढंच. 252चा आकडा मात्र कोपऱ्यात तसाच, त्याला दोनदा गोल केलेला.

फोनमध्ये दुसरी थकबाकी साचली होती. ती आंकी वापरते, पाठांतराच्या कार्डांचं अॅप. त्यात मूळ सेटिंगप्रमाणे रोज 20 नवी कार्डं येतात आणि जुनी ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर येतात. रोज उघडणाऱ्यासाठी हे उत्तम यंत्र आहे. पण आठ दिवस उघडलं नाही, तर ते सावकारासारखं दारात उभं राहतं. तिच्या पडद्यावर 1,140 कार्डं बाकी दिसत होती. ती म्हणाली, "पहाटे तीनला बाळाला पाजताना उघडते, आकडा बघते आणि बंद करते."

वेळ कमी पडला हे कारण सगळ्यांनी सांगितलं, तिने, तिच्या आईने, मीसुद्धा. ते अर्धंच खरं होतं. तिने प्रत्येक महिना 30 सारख्या दिवसांचा धरला होता. बाळाचा महिना तसा नसतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी असतात, प्रत्येकीनंतर एखाददुसरा दिवस ताप आणि किरकिर. चौथ्या महिन्याच्या आसपास जेमतेम बसलेली झोप पुन्हा विस्कटते. आणि जुना तोटा पुढच्या महिन्यावर चढवल्यामुळे पहिल्या तारखेलाच ती हरलेली असायची.

समोरचे पर्याय

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही काहीच ठरवलं नाही. 14 दिवस कोणतंही ध्येय ठेवायचं नाही, फक्त लिहायचं: कधी बसलीस, किती मिनिटं, आणि दोन्ही हात मोकळे होते का. हा शेवटचा रकाना तिच्या आईने सुचवला. "हिला बसायला मिळतं की गं, हात मिळत नाहीत," असं त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला हे सुचलं नव्हतं.

14 दिवसांचे मिळून 310 मिनिटं भरली. दोन्ही हात मोकळे असलेली त्यात 95. सलग सर्वात लांब बैठक 22 मिनिटांची. उरलेली 215 मिनिटं एक हात बाळाखाली किंवा नुसते कान रिकामे, अशी.

95 मिनिटं म्हणजे दिवसाला सात मिनिटंही नाहीत, आणि ती कशावर गेली होती तर कांजी लिहिण्यावर! चौकोनी वहीत प्रत्येक कांजी दहा वेळा. ही सवय तिला एन-फाइव्हच्या वर्गात मीच लावलेली. जेएलपीटीत हाताने एक अक्षरही लिहावं लागत नाही. सगळी परीक्षा दिलेल्या पर्यायांतून गोल काळा करण्याची आहे. लिहिल्याने कांजी पक्का होतो हे मी आजही म्हणेन, पण सात मिनिटांच्या बाईला ते सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखं.

मग पर्याय मांडले. तिच्या आईचं म्हणणं सरळ होतं: मूल वर्षाचं होईपर्यंत वह्या माळ्यावर टाक. मला हा पर्याय वाटतो तितका मागासलेला वाटला नाही, आणि वृंदाने तो निवडला असता तर मी हे प्रकरण तरीही लिहिलं असतं. पण ती म्हणाली की दिवसातली तीच अर्धी घटका तिला 'बाळाची आई' सोडून दुसरं कुणीतरी असल्यासारखं वाटतं. त्यावर आईही गप्प बसल्या.

दुसरा पर्याय, तिन्ही भाषांची ध्येयं एक तृतीयांशावर आणायची. कागदावर हा न्याय्य वाटतो, पण 95 मिनिटांचे तीन तुकडे करून कुणाच्याच पदरात काही पडत नाही. तिसरा, दर महिन्याला एकच भाषा, पाळीपाळीने. तिला हा फार आवडला होता. पण दोन महिने न पाहिलेले कांजी परत आठवण्यातच तिसरा महिना गेला असता. राहिला चौथा: एक भाषा परीक्षेसाठी टेबलावर, एक घरात चालता-बोलता, आणि एक बंद.

बाळाला सोबत घेऊन शिकायचं, असाही एक विचार तिच्या डोक्यात होता: मोबाईलवर जपानी बालगीतं लावायची, दोघांचंही शिक्षण. तिथे मी तिला 2003मधला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली होती, 12 वेळा. ज्यांच्यासमोर खरं माणूस बसून बोललं, त्या बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखू येऊ लागले. ज्यांना तेच पडद्यावरून दाखवलं, त्यांना काहीच फायदा झाला नाही. बालरोगतज्ज्ञांचा सल्लाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको असाच आहे. मोबाईल बाजूला गेला. कानडी बोलणाऱ्या आजी मात्र घरातच होत्या, डिसेंबरपासून, चोवीस तास, जिवंत.

काय ठरलं

बंद कोणती करायची यावर दोन रविवार गेले. जर्मन बंद करायला ती तयार नव्हती. 'व्हिसासाठी लागेल,' हा तिचा मुद्दा. शिवाय बी-वनच्या गोएथे परीक्षेचे चार भाग सुटे सुटे देता येतात, प्रत्येकात 100पैकी 60 मिळाले की तो भाग सुटला, म्हणजे थोडं थोडं करून जमेल, असा हिशेब. शेवटी नवऱ्याला सांगितलं, नीट चौकशी कर. कळलं ते असं: तो गेलाच तर ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपातला परवाना) जाणार, आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी साधी ए-वनही दाखवावी लागत नाही. आणि दुसरं, त्या वर्षी तिकडे बदलीच नव्हती. दोन वर्षं ज्या कारणासाठी ती अपराधी वाटून घेत होती, ते कारण एका फोनवर संपलं. आंकीतली 430 जर्मन कार्डं तिने माझ्यासमोर काढून टाकली. चेहरा मात्र दागिना मोडून आल्यासारखा.

जपानीसाठी आम्ही दोन आकडे ठेवले. तळाचं ध्येय: बाकी कार्डं रोज जास्तीत जास्त 60 पाहायची, नवं काहीच नाही. महिना कितीही वाईट गेला तरी एवढंच. वरचं ध्येय: 40 नवे कांजी, फक्त ओळखायचे. आणि एक नियम, ज्याच्यावर मी अडून बसले: पहिल्या तारखेला बाकी शून्य. राहिलेलं पुढे ओढायचं नाही. ध्येय लिहायच्या आधी कालनिर्णयावर लस, पाहुणे, लग्नकार्य यांच्या चौकोनांवर फुली मारायची आणि उरलेल्या दिवसांनाच महिना म्हणायचं. फेब्रुवारी तिच्या हिशेबाने 19 दिवसांचा निघाला.

कानडीचं ध्येयच ठेवलं नाही. लिपी बाजूला, शब्दांची यादी बाजूला. सकाळी आजी बाळाला तेल लावून न्हाऊ घालतात ती 25 मिनिटं कानडीत, बस्स. हे सासूबाईंना सांगणं तिला सगळ्यात जड गेलं. कानडीत सासूलाही अत्ते म्हणतात आणि आत्यालाही. आपल्या आत्याची आठवण येते म्हणून की काय, वृंदाला हा शब्द लग्नापासून आवडायचा. तरी "अत्ते, आंघोळीच्या वेळी माझ्याशी कानडीतच बोला" म्हणायला तिला तीन दिवस लागले. अत्ते हसल्या, दोन दिवस बोलल्या आणि तिसऱ्या दिवशी मराठीवर आल्या. बेळगावात शिकलेल्या, मराठी सुंदर, अडलेल्या सुनेला ताटकळत ठेवणं त्यांना बरं वाटेना. मग न्हाणीच्या उंबऱ्याची हद्द ठरली: आत पाऊल टाकलं की कानडी, बाहेर आलं की काहीही.

प्रत्यक्षात काय झालं

कानडी भरधाव निघाली. न्हाणीत सगळं डोळ्यांसमोर असतं. बिसिनीरु म्हणताना हात गरम पाण्यात असतो, कण्णु म्हणताना बाळाच्या डोळ्यावर तळवा. एण्णि म्हणजे तेल, तलि म्हणजे डोकं, कालु म्हणजे पाय आणि बाळाने आकांत मांडला की साकु, पुरे. तिच्या जुन्या पुस्तकात एण्णे, तले, निद्दे असं छापलेलं. धारवाडकडे शब्दाच्या शेवटचा ए बोलण्यात इ होतो. ऑक्टोबरात पुस्तक पाठ करून तिने सासूबाईंना ऐकवलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "छान आहे, रेडिओसारखं." आता तिचं कानडी घरातलं वाटायला लागलं. मार्चपर्यंत किती शब्द झाले, मला माहीत नाही. तिनेही मोजले नाहीत.

जपानीचं गाडं हळू चाललं. जानेवारीत 20 नवे कांजी, थकलेली 710 कार्डं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आटोक्यात. इथे माझ्या हातून राहिलेली एक गोष्ट सांगते. नवऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे मी तिसऱ्या भेटीपर्यंत विचारलंच नव्हतं. तो 'मदत' करायचा, म्हणजे सांगितलं की करायचा. आम्ही दोघीही उरलेल्या वेळाची वाटणी करत बसलो होतो आणि वेळ वाढवता येईल हे डोक्यात आलं नव्हतं. विचारल्यावर त्याने सकाळचे सव्वासहा ते सात अंगावर घेतले. बाळ त्याच्याकडे, दार बंद, हाक मारायची नाही. एवढ्या एका बदलाने टेबलावरची मिनिटं आठवड्याला 48वरून 200च्या पुढे गेली. कांजीच्या सगळ्या युक्त्या एकीकडे आणि हे एकीकडे.

आणि मग जे कुणीच धरलं नव्हतं ते झालं. 13 फेब्रुवारीला रजा संपली, बाळ दिवसा अत्तेंकडे राहू लागलं, आणि कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीपर्यंतचा 50 मिनिटांचा प्रवास तिला रोज दोनदा मिळू लागला. दोन्ही हात मोकळे. रजेत मिळाला नाही तो वेळ ट्रॅफिकने दिला. जाताना कार्डं, येताना कानात जपानी संवाद. एप्रिलमध्ये पहिल्यांदाच 40च्या वर, 45 कांजी झाले. मार्चमध्ये उष्टावण आणि पाठोपाठ दोघांचंही आजारपण, तेव्हा 25. पण त्या महिन्याच्या शेवटी तिने मला फोन केला नाही की रडली नाही. तळाचं ध्येय पूर्ण झालं होतं आणि एप्रिलच्या पानावर थकबाकी नव्हती.

मार्चअखेर जुलैच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता. मी म्हटलं, डिसेंबरला बस. ती म्हणाली, "पुढे तारीख नसेल तर मी बसमध्ये झोपेन, सेन्सेई." अर्ज भरला गेला.

निकाल

जानेवारी ते जून मिळून 180 नवे कांजी झाले, आधीचे 54 धरून 234. ठरवले होते 350. परीक्षेच्या तीन आठवडे आधी नऊ महिन्यांची लस, त्यामुळे जून 12 कांजींचा. परीक्षेच्या आदल्या रात्री बाळ चारदा उठलं, नवरा कामासाठी बेंगळुरूला, अत्ते एका लग्नासाठी धारवाडला. सकाळी 140 मिनिटांच्या परीक्षेला ती अडीच तासांच्या झोपेवर गेली.

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. 180पैकी 91, पास व्हायला 95 लागतात. शब्द आणि व्याकरणात 30, वाचनात 24, ऐकण्यात 37. प्रत्येक विभागात किमान 19 लागतात, तिथे ती कुठेच अडकली नाही. एकूण बेरजेत चार गुणांनी गेली. ऐकण्याचा आकडा बघून मला आनंद झाला, तो मी लपवला. तो एक हात अडकलेल्या 215 मिनिटांचा आणि परतीच्या बसचा आकडा होता. वाचनात वेळ पुरला नाही. बाराव्या ते पंधराव्या मिनिटाला बसमध्ये हिसका बसतो, त्यामुळे लांब उतारा सलग वाचायची सवय तिला लागलीच नाही. हे कारण तिने स्वतः शोधलं.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टमधल्या त्या वहीपाशी मी बोलायला हवं होतं, हे पहिलं. ध्येय कमी कर असं नाही, तर बाळ आल्यावर दोन आठवडे नुसतं मोजू आणि मग आकडा लिहू, एवढंच. ऑक्टोबर ते डिसेंबर तिने जे सोसलं त्यात अभ्यासाचा भाग थोडा होता. स्वतःच्याच हिशेबाने रोज नापास होणं हा मोठा.

जर्मनची चौकशी गरोदरपणातच व्हायला हवी होती. घरात 'बहुतेक'वर चाललेल्या गोष्टी यादीत येऊन बसतात आणि त्यांना कुणी पावती मागत नाही. सकाळच्या पाऊण तासाचा करारही तेव्हाच करता आला असता, बाळाचा बाप हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन पाळण्याची खोली रंगवत होता तेव्हा.

जुलैचा अर्ज चुकला का, यावर आमचं एकमत नाही. मला अजून वाटतं की डिसेंबर बरा होता. तिला वाटतं, जुलै नसता तर एप्रिलचे 45 झाले नसते. दोघींना पटलेली चूक दुसरीच आहे: महिने आखले, परीक्षेची आदली रात्र आखली नाही. बाळ कुणाकडे झोपणार, हे कोणत्याच पानावर नव्हतं.

डिसेंबरचा अर्ज तिने भरला आहे. नव्या कांजीचं ध्येय महिन्याला 30, आणि शनिवारी दुपारी दार बंद करून दीड तास सलग उतारे वाचायचे, बाळ बापाकडे. परवा तिच्याकडे गेले होते तेव्हा डिसेंबरचं पान उलटून पाहिलं. पहिल्या रविवारच्या चौकोनात 'एन-थ्री', आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी मोठ्या टपोऱ्या निळ्या अक्षरांत: 'अत्ते येणार. परतीचं तिकीट सोमवारचंच काढणे.' खाली कानडीत काहीतरी लिहिलं होतं, सासूबाईंच्या अक्षरात. मला वाचता येईना. वृंदानेही डोळे बारीक केले. लिपी अजून राहिलीच आहे.